काळ्या करकोच्याचा दुजोरा

मी तोंडाळ बाई आहे. आमच्या भागात कोणालाही विचारा, सांगेल. उपकेंद्राची नर्स म्हणून वीस वर्षं आमगाव आणि सालेकसा यांच्यामधली गावं स्कूटीवर पालथी घातली. बाळंतिणीला पोटभर जेवू न देणाऱ्या सासूला तिच्याच ओसरीवर उभी राहून झापलं आहे. साहेब, तुमचं अक्षर तुम्हाला तरी वाचता येतं का, असं डॉक्टरला तोंडावर विचारलं आहे. अशी मी एकदाच कोणाचं मन राखायला खोटं बोलले, आणि त्या खोट्यानं एक माणूस नेला. तो माणूस म्हणजे आमचे गुरुजी.

आमचा पक्षी पाहणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. मोबाईलवरचाच, कुठे नोंदणी-बिंदणी नाही. वीस-पंचवीस जण असू. काही शिक्षक, एक वनरक्षक, रेल्वेतला एक गँगमन, सौंदडचा एक धानवाला शेतकरी, गोंदियाचा एक कापड दुकानदार, आणि मी. दुकानदाराकडे हाताएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा होता. बाकीच्यांकडे जुन्यापान्या दुर्बिणी, कोणाकडे तर तीही नाही. ग्रुप गुरुजींनी सुरू केला होता. निवृत्त प्राथमिक शिक्षक, आणि जिल्ह्यातल्या तलावांवर कुठला पक्षी कोणत्या पंधरवड्यात उतरतो हे तोंडपाठ असलेला माणूस. त्या ग्रुपवर कोणी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं की ते फूल पाच मिनिटांत गायब व्हायचं आणि टाकणाऱ्याला फोन जायचा, "का गा, हे कोन्तं पाखरू होय?"

नोंद टाकायची त्यांची पद्धत ठरलेली होती. गाव, तलाव, पक्षी, किती, कोणी पाहिला. बस. फोटोची अट नव्हती. "कॅमेरा ज्याले परवडते त्याच्याजवळ, डोळे सगळ्याइजवळ," म्हणायचे. पण नेहमी न दिसणारा पक्षी असेल तर खाली आणखी एक ओळ लागायची, दुजोरा. म्हणजे सोबतच्या दुसऱ्या माणसाने तोच पक्षी आपल्या डोळ्यांनी पाहिला आणि तो तोच आहे असं आपल्या नावानं सांगितलं. दुजोरा नसला की नोंद गुरुजी ठेवायचे त्या ग्रुपच्या वहीत जायची नाही, मग सांगणारा कोणी का असेना. एकदा त्यांनी स्वतःचीच एक नोंद अशी सोडून दिली होती. एकटे होते, सोबत कोणी नव्हतं, विषय संपला. मला त्या वेळी हा शुद्ध मूर्खपणा वाटला होता आणि मी तसं बोललेही होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, मले एकट्याले दिसलं ते माहं. दोघाइले दिसलं ते सगळ्याइचं."

मला पक्ष्यांचा नाद त्यांनीच लावला. त्यांच्या गावात लसीकरणाला गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात रडणारी पोरं, खाली पेटी, डोक्यावर ऊन, आणि हा म्हातारा समोर येऊन विचारतो की सिस्टर, येताना मोठ्या तलावाच्या पाळीवरून आलात ना, मग तारेवर काय बसलेलं दिसलं? मी म्हटलं, गुरुजी, मला रस्ता दिसला तरी नशीब. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या महिन्यात मी उत्तर तयार ठेवलं होतं. मला घरी कोणी विचारायला नव्हतं, नवरा लवकर गेला, मुलगी नागपूरला नोकरीला. रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गुरुजींच्या मागे चालायला मला आवडू लागलं. लग्नानंतर मी कोणाच्या मागे चालले असेन तर या माणसाच्या.

त्यांची नजर उतरायला लागली ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. कळणारच, माझं कामच ते. शुगर जुनी, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी ते दुर्बिणीची काच सारखी पुसायला लागले. मग दुर्बीण बदलली. मग पक्षी उडाल्यावर आवाजावरून नाव सांगायचे आणि आम्हाला वाटायचं, काय हा माणूस, न पाहता ओळखतो! न पाहताच ओळखत होते ते. शाळेत डोळे तपासायचं शिबिर होतं तेव्हा मी त्यांना ओढत नेलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गुरुजी खुर्चीवर बसले आणि वरपासून खालपर्यंत एक अक्षर न चुकता वाचून मोकळे झाले. डॉक्टर खूश. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "गुरुजी, तो तक्ता तुमच्याच शाळेतला आहे. तीस वर्षं तुमच्याच वर्गात लटकत होता."

"मंग?"

"मग पाठ आहे तुम्हाला."

तर मला म्हणतात, "तुमी डॉक्टरले सांगतल्या काऊन नाई?" आणि चालायला लागले. ऑपरेशनला घाबरत होते. शेजारच्या एकाचा डोळा ऑपरेशननंतर पिकला होता, ते त्यांनी पाहिलं होतं. सत्याचे एवढे पुजारी, पण स्वतःच्या डोळ्यांपुरते तेही लबाड होते. हे मी रागानं लिहीत नाही. रागानंच लिहिते आहे, खरं तर.

शेवटी काकी मध्ये पडली. काकी म्हणजे त्यांची बायको. बोलायला कमी, पण ठरवलं की ठरवलं. तिनं मला घरी बोलावलं आणि गुरुजींसमोरच सांगितलं, "हे एकटे तलावावर जानार नाई. तुमी असाल तं जातीन, नाई तं घरी." गुरुजी पुष्कळ चिडले. पण त्या दिवसापासून ते फक्त रविवारी, माझ्यासोबत, जाऊ लागले. पाळीवर मी पुढे आणि ते मागे. चालण्याचा क्रम उलटा झाला. मी मुद्दाम मोठ्यानं बोलत चालायचे, इथे खड्डा आहे बरं का, इथे मुळं आहेत. त्यांना राग यायचा आणि ते खड्ड्यातून वाचायचे.

मग दिवाळीनंतर एक प्रकार झाला. आम्ही सात-आठ जण मोठ्या तलावावर जमलो होतो. गुरुजींनी लांबवर बोट दाखवून एका बदकाचं नाव सांगितलं. गोंदियाच्या दुकानदारानं तोवर फोटो काढलेला होता. त्यानं कॅमेऱ्याची स्क्रीन त्यांच्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, "गुरुजी, ये तो अपना रोज़वाला है, हळदीकुंकू." हळदीकुंकू म्हणजे कुठल्याही तलावावर दिसणारं बदक. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. थोडा हसला इतकंच. पण गुरुजींना स्क्रीनवरचंही नीट दिसत नव्हतं. त्यांनी मान हलवली, "असन, असन" म्हणाले, आणि परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढचा महिनाभर त्यांनी ग्रुपवर एक ओळ टाकली नाही. काकी म्हणाली जेवण अर्ध्यावर सोडून उठतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. मी घरी गेले तर म्हणाले, "सिस्टर, आता तुमीच पाहा. माहं संपलं." निवृत्त होऊन शाळा सुटली तेव्हाही हा माणूस असा नव्हता झाला.

त्या रविवारी मी त्यांना जवळजवळ जबरदस्तीनं बाहेर काढलं. धान कापून झाला होता, बांधीत, म्हणजे धानाच्या त्याच वावरात, लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवं दिसायला लागलं होतं. थंडी सणसणीत आणि पाण्यावर धुकं. पाळीच्या मध्यावर आम्ही थांबलो. समोर, पाणी ओसरलेल्या चिखलात, एक मोठा पक्षी उभा होता. गुरुजींनी दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा श्वास बदलला, मला ऐकू आला तो.

"सिस्टर. काळा करकोचा."

काळा करकोचा म्हणजे आमच्याकडे दुर्मीळ पाहुणा. ग्रुपच्या वहीत त्याची एकही नोंद नव्हती. गुरुजी कितीतरी हिवाळे त्याची वाट पाहत होते. मी दुर्बीण लावली. चिखलात उभा होता तो कांडेसर. पांढऱ्या मानेचा करकोचा. आमच्या बांधीत नेहमी दिसणारा, गावातल्या पोरांनाही ठाऊक असलेला. अंग काळं, पाय लाल, पण मान पांढरी स्वच्छ. गुरुजींना काळं अंग दिसलं, लाल पाय दिसले. पांढरी मान धुक्यात आणि त्यांच्या मोतीबिंदूत विरून गेली.

मी दुर्बीण खाली केली. गुरुजी माझ्याकडे पाहत होते. महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस, आणि त्याचं तोंड असं उजळलेलं की मला बघवेना.

"दुजोरा?" त्यांनी विचारलं.

मला किती वेळ मिळाला असेल? एक श्वास. त्या एका श्वासात मी पुष्कळ काही मनाशी म्हणून घेतलं. एका पक्ष्यानं काय बिघडतं. कोणाचं काय जातं. म्हाताऱ्याला जेवू दे चार दिवस पोटभर. सगळ्या गावाला फाडकन खरं सांगणारी मी, त्या वेळी मात्र माझ्या जिभेला काय झालं होतं देव जाणे.

"हो गुरुजी," मी म्हटलं. "दुजोरा."

त्यांनी माझा हात हातात घेतला. कधी घेतला नव्हता. मग तिथेच पाळीवर उभं राहून, मोबाईल डोळ्यांपासून चार बोटांवर धरून, त्यांनी नोंद टाकली. गाव, तलाव, काळा करकोचा, एक. खाली दुजोरा आणि माझं नाव. नाव टाईप करायला मी मदत केली, कारण त्यांना अक्षरं सापडत नव्हती. तेवढ्यात करकोचा उडाला. उडताना त्याची पांढरी मान मला पुन्हा दिसली. ते मोबाईलमध्ये होते.

दिवसभर ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. दुकानदारानं लिहिलं, "गुरुजी, मान गए." वनरक्षकानं विचारलं की सिस्टर, चोच लाल होती ना पूर्ण? मी लिहिलं, होती. एकदा हो म्हटलं की मग होच म्हणत जावं लागतं. संध्याकाळी काकीचा फोन आला, गुरुजी दोन वाढणं भात जेवले म्हणून. माझा जीव भांड्यात पडला. बरं झालं, म्हटलं.

गुरुवारी सकाळी मी एका गावात गरोदर बायांची तपासणी करत होते. फोन वाजला. त्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी एक होता. "सिस्टर, लवकर या. गुरुजी पान्यात पडले." मी हातातलं तसंच टाकून निघाले.

पाळीवरून पाणी सोडायच्या दारापर्यंत दगडी पायऱ्या उतरतात. जुन्या, झिजलेल्या, खालच्या तर शेवाळानं काळ्या झालेल्या. शेवटच्या दोन पायऱ्या पाण्यात असतात, आणि त्यांच्यापुढे खोल खड्डा. ज्याला नीट दिसतं त्याला तिथे कळतं की पायरी संपली. ढिवरांनी त्यांना ओढून पाळीवर आणून ठेवलं होतं. दुर्बिणीचा पट्टा गळ्यात होता. मी तो काढला आणि छाती दाबायला लागले. अंग गार पडल्यावर छाती दाबून काही होत नाही हे मी प्रशिक्षणात दुसऱ्यांना सांगते. तरी दाबत राहिले. किती वेळ, माहीत नाही. शेवटी त्या ढिवरानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस करा सिस्टर. बरगडी मोडन त्यायची."

मी विचारलं, कोणासोबत आले होते? तो म्हणाला, एकटेच. सकाळी भेटले तेव्हा खुशीत होते, मले म्हनले का काळा करकोचा पाहाले चाललो, तुले दिसला तं आवाज दे.

माती झाली त्या दिवशी सगळे जमले. पुष्कळ लोक म्हणत होते, किती भाग्याचं मरण, ज्या तलावावर आयुष्य काढलं तिथेच गेले. मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. पाणी नाकातोंडात जाऊन मरण्यात कसलं आलंय भाग्य? त्यांचे पाय पायऱ्यांवर खरवडले होते, नखांत शेवाळ होतं. मी पाहिलं होतं ते. धडपडले होते ते.

त्यानंतर ग्रुपवर जे सुरू झालं ते कोणी ठरवून केलं नव्हतं. सौंदडच्या शेतकऱ्यानं पहिल्या दिवशी एक नोंद टाकली. सौंदड, गावची बोडी, शेकाटे, अकरा. आणि खाली, दुजोरा: गुरुजी. बस. मग गँगमननं टाकली, रुळाच्या कडेच्या डबक्यातला खंड्या, दुजोरा: गुरुजी. मग सगळेच. रोज. चिमण्या, बगळे, पाणकावळे, अगदी कावळेसुद्धा, आणि प्रत्येकाखाली गेलेल्या माणसाची साक्ष. लोक रडत टाईप करत असतील, मला कळत होतं. गँगमननं तर मला फोन करून सांगितलं की सिस्टर, रूळ तपासत चालताना मोठ्यानं म्हणतो मी, गुरुजी, पाह्यलं का? माझी बोटं मात्र चालेनात. गुरुजींचं नाव साक्षीला घ्यायचा हक्क सगळ्यांना होता, मला नव्हता.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुकानदारानं बोर्डाची गोष्ट काढली. तलावाच्या पाळीवर गुरुजींच्या आठवणीचा मोठा बोर्ड लावायचा. त्यावर काळ्या करकोच्याचं चित्र, कारण तो त्यांचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा शोध. खाली नोंद जशीच्या तशी, दुजोऱ्यासह. तेरवीच्या दिवशी लावायचा. सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. वनरक्षकानं लिहिलं, सिस्टरचं नाव पण येईल, त्या भाग्यवान. मी फोन पालथा घातला.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. गप्प बसलं तर काय होणार होतं? एक चित्र चुकणार. त्या तलावावर कोणी नवं पोर येईल, बोर्ड वाचेल, कांडेसराला काळा करकोचा म्हणेल. गुरुजींनी ज्या वहीसाठी स्वतःची नोंद सोडून दिली त्या वहीत एक खोटी ओळ कायमची राहणार, आणि तीही त्यांच्याच नावानं. ते गेले होते, त्यांना आता दुखणार नव्हतं. मग गप्प बसण्यात मी कोणाला वाचवत होते? स्वतःला. एवढं कळल्यावर मला माझीच किळस आली.

तेरवीला अंगणात मांडव होता. पंगती उठत होत्या. बोर्ड टेम्पोतून आला, चार जणांनी उतरवून मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवला. चित्र छान होतं, चोच लालभडक, मान काळी. ग्रुपमधले सगळे बाजूला गोल करून उभे राहिले. एकेक जण बोलला. माझी पाळी आली तेव्हा वनरक्षक म्हणाला, सिस्टर, तो दिवस सांगा.

मी सांगितलं. सगळं. कांडेसर होता हे. मान पांढरी होती हे. गुरुजींना दिसत नव्हतं, तक्ता पाठ होता, आणि मला सगळं माहीत असून मी दुजोरा दिला हे. मी हळू बोलत नाही, मला येतच नाही. मांडवातल्या पंगतीपर्यंत ऐकू गेलं.

मग दुकानदार म्हणाला, "सिस्टर, आज के दिन ये बोलना ज़रूरी था क्या?"

"आज बोर्ड लागणार होता."

"तो लग जाता. क्या फ़रक पड़ता?"

वनरक्षक लाल झाला होता. "तुमालेच नीट दिसलं नसन. गुरुजीची नजर... गुरुजी चुकूच शकत नाई." मी म्हटलं, चुकू शकत नाहीत म्हणूनच ते पायरी चुकले का? हे बोलायला नको होतं. पण बोलले. सौंदडचा शेतकरी तोंड फिरवून रडायला लागला. तो मला नंतर म्हणाला की माझ्यावर त्याचा गुरुजींइतकाच विश्वास होता.

बोर्ड परत टेम्पोत चढला. मी निघणार इतक्यात आतून एक मुलगी आली, काकी बोलावते म्हणाली.

काकी आतल्या खोलीत चटईवर बसली होती. तिनं सोबतच्या बायांना बाहेर जायला सांगितलं. मला म्हणाली, बसा. मी बसले.

"ते काळं पाखरू नव्हतं?"

"नव्हतं, काकी."

"मंग तुमी हो काऊन म्हनल्या?"

"त्यांचं मन मोडवेना. जेवत नव्हते ना ते."

तिनं एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग बोलायला लागली, शांतपणे, भाजीपाल्याचं बोलावं तशी. "घरी आले तं मले म्हनले का माहे डोळे चांगले आहेत. सिस्टरनं पाह्यलं, दुजोरा देला. मीही मानलो. सिस्टर खोटं बोलनारी बाई नाई, म्हनलं. वर्षभर मी त्यायच्या चपला आलमारीत कुलपात ठेवून राहिलो, एकटे जाऊ नोये म्हनून. त्या दिवशी मागतल्या तं मीच काढून देलो. या हातानं देलो." तिनं हात उलटा करून मला दाखवला. "तेरा दिवस मी सोताले खाऊन राहिलो, सिस्टर. चपला काऊन देलो, काऊन देलो. मीच मारलो त्यायले, असं वाटून राहिलं मले."

मला रडू आवरेना. मी तिचा हात धरायला गेले. "काकी, तुमची काही चूक नव्हती."

तिनं हात मागे घेतला. "ते समजलं मले आता," ती म्हणाली. आणि उठता उठता, तेरवीच्या घरातून कोणाला उपाशी पाठवत नाहीत म्हणून, म्हणाली, "जेवून जा."

मी जेवले. ग्रुपमधल्या कोणी माझ्या शेजारी पान मांडलं नाही. वाढणाऱ्यानं विचारलं, भात घालू का, मी मान हलवली. पानावरचं सगळं संपवलं, कारण टाकून उठणं आणखी वाईट दिसलं असतं.

ग्रुप अजून आहे. ती नोंद काढून टाकली. वनरक्षक आता ग्रुप सांभाळतो, आणि त्यानं नवा नियम केला, फोटोशिवाय नोंद घेणार नाही. माणसाचा शब्द आता चालत नाही. त्याचं बरोबर असेल. पण सौंदडचा शेतकरी, गँगमन, असे ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता ते हळूहळू गप्प झाले. दुकानदाराचे फोटो येतात, सुंदर असतात. खाली अंगठे येतात. मी वाचते, काही लिहीत नाही. रविवारी पाळीवर जात नाही.

काकीचं गाव मात्र माझ्या उपकेंद्रात येतं. गुरुजी गेल्यापासून तिला बीपी सुरू झालं. तेव्हा महिन्यातून एकदा मला त्या घरी जावंच लागतं. पहिल्या महिन्यात गेले तेव्हा तिनं चहा ठेवला, खुर्ची पुढे केली, बाही वर सारून हात दिला. सगळं रीतीनं. मी पट्टा बांधला, मशीननं हवा भरली, सोडली, आकडा आला. मी सगळ्या घरांत सांगते तसा मोठ्यानं सांगितला आणि गोळ्यांचं पाकीट पुढे केलं.

काकीनं पाकीट घेतलं नाही. "मशीन इकडं फिरवा," म्हणाली.

मी फिरवलं. तिनं चष्मा लावला, वाकून एकेक आकडा बोट ठेवून वाचला, ओठांतल्या ओठांत. जुळला. मग गोळ्या घेतल्या.

आता मी तिला आकडा सांगतच नाही. मशीन आधीच तिच्याकडे तोंड करून ठेवते.